नागासाकीचे चाम्पोन : परस्थाने परस्थांसाठी रांधलेले अन्न

आपल्या ज्ञातीचे मूळ किनारपट्टीचे असल्यामुळे मासळी हा आपल्या जेवणाचा, आणि पुष्कळदा वादाचाही, विषय पिढ्यानुपिढ्या राहिला आहे. सुरमईची तुकडी किती जाड असावी, तिसऱ्यांच्या एकशिपीला खोबरे भाजून घ्यावे की कच्चेच वाटावे, यांवर आपल्या घरांतून जेवढी चर्चा होते तेवढी दुसऱ्या एखाद्या प्रश्नावर क्वचितच होत असेल. परंतु या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, रांधणाराजवळ वेळ आहे. सांप्रत ती स्थिती राहिलेली नाही. घरातील स्त्री-पुरुष दोघेही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर; मुले पुण्याला, बंगळूरला नाही तर परदेशी. रात्री आठ-साडेआठला दार उघडून आत आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी गरम पोटात जावे, एवढीच अपेक्षा उरते. मग उकळत्या पाण्यात पाकिटातील नूडल्स सोडायच्या, फ्रिजमधील सोललेली कोलंबी त्यात टाकायची आणि वाडगा हातात घेऊन बसायचे. वडील माणसे हे पाहून हळहळतात. याला का जेवण म्हणायचे, असे त्यांचे म्हणणे पडते.

प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे या हळहळणाऱ्यांतच मोडत असे. तो त्यांतून बाहेर कसा पडला, हे सांगण्यापूर्वी एक कबुली देणे अवश्य आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहातील भोजनव्यवस्थेचे काम लेखकाकडे होते. रात्री ठीक आठ वाजता स्वयंपाकघर बंद करावयाचे, असा तेथील नियम होता. शिकवण्या करून साडेनऊच्या सुमारास परतणारा एक मुलगा तेथे राहत असे. आपल्यासाठी काही झाकून ठेवता येईल काय, अशी विनंती त्याने दोन-तीन वेळा केली. एकाला सवलत दिली की उद्या दहाजण उभे राहतील, असे उत्तर लेखकाने त्याला दिले. पुढे कळले की, कित्येक रात्री तो पाव आणि पाणी यांवर काढीत असे. नियम चुकीचा नव्हता, असे मनाचे समाधान लेखकाने त्या वेळी करून घेतले. त्या समाधानाला तडा गेला तो जपानमधील एका बंदरातील साध्या नूडल्सचा इतिहास वाचनात आला तेव्हा. तोच इतिहास येथे ज्ञातिबांधव व भगिनी यांच्यापुढे ठेवावयाचा आहे.

नागासाकी हे नाव आपल्याकडे सर्वांना परिचित आहे ते १९४५ च्या अणुबाँबमुळे. पण त्यापूर्वी जवळजवळ पावणेचारशे वर्षे हे बंदर जपानचे परदेशांकडे उघडणारे दार होते. क्यूशू बेटाच्या पश्चिम टोकाला, डोंगरांच्या कुशीत शिरलेल्या एका चिंचोळ्या खाडीच्या काठी ते वसले आहे. तेथून टोकियोपेक्षा शांघाय जवळ पडते, एवढे सांगितले म्हणजे त्याच्या इतिहासाचे मर्म ध्यानात येईल. १५७१ मध्ये हे बंदर पोर्तुगीज व्यापारास खुले झाले. पुढे जपानच्या राज्यकर्त्यांनी परकीयांस दारे बंद केली, तेव्हाही नागासाकीपुरती एक फट उघडी ठेवण्यात आली. डच व्यापाऱ्यांना देजिमा नावाच्या कृत्रिम बेटावर आणि चिनी व्यापाऱ्यांना १६८९ पासून 'तोजिन याशिकी' या कुंपणबंद वस्तीत ठेवण्यात येई. परवानगीवाचून वस्तीच्या बाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसे.

या चिनी लोकांत दक्षिण किनाऱ्यावरील फुजियान प्रांताचे लोक बरेच होते. आपल्या कोकणासारखाच हा प्रांत. मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये शेतीची जमीन बेताची. त्यामुळे घरटी एखादा तरी पुरुष परगावी. परगावी गेलेला माणूस प्रथम आपल्या गावचा माणूस शोधतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नागासाकीतील या लोकांनीही आपापल्या प्रदेशांनुसार मंदिरे उभारली, सभागृहे बांधली, आजाऱ्याच्या औषधपाण्याची आणि मेलेल्याच्या अंत्यविधीची व्यवस्था लावली. फूचौ भागातील लोकांनी १६२९ मध्ये स्थापिलेले सोफुकुजी हे मंदिर आजही उभे आहे. त्याच्या आवारात एक प्रचंड लोखंडी कढई ठेवलेली दिसते. १६८२ च्या सुमारास दुष्काळ पडला असता तेथील चिनी महंतांनी ती ओतवून घेतली आणि तीत पेज शिजवून भुकेल्यांना वाटली. पाहुण्या म्हणून आलेल्या समाजाने यजमान शहराच्या भुकेची चिंता वाहिली, ही गोष्ट लहान नाही. या लेखाचा जो मुख्य विषय, त्याचे बीज या कढईत आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्या काळी नागासाकीहून चीनकडे जाणाऱ्या मालात समुद्रातील जिन्नसांना मोठे स्थान होते. वाळविलेले सागरकाकडीचे प्राणी, वाळविलेले अबालोनी शंखमांस आणि मुशीचे पर हे तीन जिन्नस पोत्यांत भरून जहाजांवर चढत. चीनमधील श्रीमंतांच्या मेजवान्यांना त्यांवाचून शोभा नसे. मुंबई बंदरातूनही एकोणिसाव्या शतकात मुशीचे पर आणि माशांच्या पोटातील वाळविलेले फुगे चीनकडे रवाना होत असत, हे आपल्या कोळी व व्यापारी मंडळींच्या इतिहासात नमूद आहे. म्हणजे समुद्र एकच, पण त्यातील मोलाचा भाग श्रीमंतांच्या ताटात जाई. बाजारात राहिलेल्या स्वस्त, बारीकसारीक मासळीचे पुढे काय झाले, तेच आता पाहावयाचे आहे.

१८५९ मध्ये बंदर परदेशी व्यापारास खुले झाले आणि चिन्यांची कुंपणबंद वस्ती ओस पडू लागली. १८७० च्या आगीनंतर तेथील लोक जवळच्या शिन्ची व हिरोबाबा या भागांत पसरले. फुजियानच्या लोकांनी १८६८ मध्ये स्थापिलेले सभागृह १८९७ मध्ये नव्याने बांधले आणि त्याला 'फुजियान सभागृह' असे नाव दिले. आवारात दर्यावर्दींचे रक्षण करणाऱ्या सागरदेवतेचे मंदिर. आपल्या ज्ञातिसंस्थांच्या वास्तू ज्यांनी वर्गणी गोळा करून उभ्या केल्या, त्यांना या वास्तूमागील भावना निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

याच सुमारास, १८९२ मध्ये, फुजियानमधील फूचिंग येथला चेन पिंगशुन नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण नागासाकीच्या धक्क्यावर उतरला. जपानी लोक त्याचे नाव चिन हेइजुन असे उच्चारीत. (पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे ही जपानी आगबोटींची वाहतूक सुरू झाली आणि आपला कापूस जपानच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. म्हणजे आपली मुंबई आणि चेनचे नवे जग एकाच समुद्रमार्गाने जोडले जात होते.) भांडवल असे त्याच्याजवळ काही नव्हते. काही वर्षे त्याने हातगाडीवर माल घालून दारोदार फेरी केली. परदेशी गेलेल्या फूचिंगच्या लोकांविषयी असे म्हणत की, त्यांचे पोट तीन पात्यांवर चालते : आचाऱ्याची सुरी, शिंप्याची कात्री आणि न्हाव्याचा वस्तरा. चेनने पहिले पाते पत्करले. १८९९ मध्ये त्याने हिरोबाबा भागात एक भोजनगृह उघडले व तेथेच उतारूंच्या राहण्याचीही सोय केली. त्याचे नाव 'शिकाइरो', म्हणजे 'चार समुद्रांचा प्रासाद'. चार समुद्र म्हणजे चिनी कल्पनेप्रमाणे सारे जग. गल्लीतल्या खानावळीला एवढे मोठे नाव देणाऱ्या माणसाची छाती मोठी असली पाहिजे.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनचा पराभव केला. ज्या लहान देशाला आपण शिष्य समजत होतो त्याने आपल्याला हरविले, या धक्क्याने चीनमधील विचारी लोक जागे झाले. १८९६ मध्ये चिनी सरकारने तेरा विद्यार्थी शिक्षणासाठी जपानला पाठविले. दहा वर्षांच्या आत ही संख्या सुमारे आठ हजारांवर गेली. १९०५ नंतर हिंदुस्थानातूनही काही तरुण धंदेशिक्षणासाठी जपानची वाट धरू लागले. शांघायहून निघालेल्या चिनी विद्यार्थ्याला जपानची पहिली जमीन दिसे ती बहुधा नागासाकीची. कोणी तेथून पुढे टोकियोला जात, कोणी तेथेच राहत. सोबत पैसा थोडा, भाषा नवी, हवा थंड. घरी तेलावर परतलेले कढत अन्न खाण्याची सवय. येथे थंड भात, लोणचे आणि माशाचा एखादा तुकडा. ज्याने परगावी पहिले वर्ष काढले आहे, त्याला या मुलांची अवस्था वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

परक्या देशात आलेल्या माणसाला जामीन राहणारा कोणीतरी लागतो. हा जामीन राहण्याचे काम चेनने पुष्कळ देशबांधवांसाठी व विद्यार्थ्यांसाठी केले, असे त्याच्या घराण्यात सांगतात. मुलांचे खाणे त्याच्या डोळ्यांदेखत होते. ते त्याला पाहवेना. स्वस्त असावे, पोटभर असावे, अंगी लागणारे असावे आणि मागितल्याबरोबर कढत मिळावे, असे काहीतरी या मुलांना दिले पाहिजे, असे त्याने मनाशी घेतले. त्यातून जो पदार्थ निर्माण झाला तोच पुढे 'चाम्पोन' या नावाने प्रसिद्धीस आला. आरंभी त्याला नुसते 'चिनी उदोन', म्हणजे चिनी पद्धतीच्या जाड शेवया, असे म्हणत.

हा पदार्थ अगदी शून्यातून निघाला नाही. फुजियानमध्ये डुकराच्या मांसाच्या बारीक पट्ट्या, अळंबी आणि बांबूचे कोंब घालून केलेल्या रस्सादार नूडल्स घरोघरी होत. चेनने तो साचा घेतला आणि त्यात नागासाकीच्या बाजारात जे स्वस्त व मुबलक मिळे ते ओतले : बारीक कोलंबी, लहान कालवे, माकूळ, मासळीच्या लगद्याच्या वाफवलेल्या वड्या, कोबी, मुगाचे लांब मोड. श्रीमंतांच्या मेजवानीला निघालेल्या वाळविलेल्या जिन्नसांतले येथे काही नाही. रोजच्या टोपलीत तळाशी राहणारी मासळी येथे राजमान्य झाली. पीठही निराळे. साध्या पाण्याऐवजी 'तोआकू' नावाचा क्षार घातलेल्या पाण्यात ते मळीत. हा क्षार आपल्याकडील पापडखाराच्या जातीचा. त्याने शेवयांना पिवळसर रंग, विशिष्ट वास आणि चावण्याजोगा ताण येतो. नागासाकीच्या नूडल्सची ओळख पटते ती याच वासावरून.

आता कृती पाहू, कारण सारा इतिहास तीत दडला आहे. मोठी लोखंडी कढई प्रखर आचेवर ठेवून तीत चरबी तापवितात. प्रथम मांस, मग समुद्रातील जिन्नस, मग भाज्या अशा क्रमाने भराभर परततात. त्यावर डुकराच्या व कोंबडीच्या हाडांचा पांढुरका, दाट रस्सा ओततात. रस्सा उकळला की नूडल्स थेट त्याच कढईत सोडतात. इतर पद्धतींत नूडल्स निराळ्या भांड्यात शिजवून मग वाडग्यात घेऊन त्यांवर रस्सा घालतात. येथे कढई एकच, आच एकच. भाजीचा गोडवा, कोलंबीचा अर्क आणि रश्शाची चव नूडल्स शिजता शिजता शोषून घेतात. ताट मागितल्यापासून वाडगा समोर येईपर्यंत काही मिनिटे पुरतात.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे. हे जेवण काही मिनिटांत होते, हे खरे. पण तो पांढुरका रस्सा काही मिनिटांत होत नाही. हाडे तासन्‌तास उकळावी लागतात, तेव्हा तो उतरतो. संध्याकाळी दमून आलेल्या मुलाला जे ताट झटपट मिळाले, त्यासाठी दुसरे कोणीतरी सकाळपासून चुलीपाशी होते. पीठ कोणी आधी मळले होते, भाजी कोणी आधी चिरली होती, मासळी कोणी पहाटे बाजारात जाऊन निवडली होती. खाणाराचा वेळ वाचतो तो रांधणाराने आपला वेळ आधी दिलेला असतो म्हणून. झटपट जेवणाचा इतिहास चाळला असता त्याच्या मुळाशी ही आगाऊ काळजी आढळते, असे लेखकाचे मत झाले आहे.

'चाम्पोन' या शब्दाविषयी बरीच मतमतांतरे आहेत. मलायी भाषेत मिसळणे या अर्थी 'चाम्पुर' असा शब्द आहे, त्याच्याशी कोणी संबंध जोडतात. कोणी म्हणतात, झांजेचा 'चान' आणि ढोलकाचा 'पोन' असे दोन भिन्न नाद एकत्र आले. परंतु सर्वांत हृद्य उपपत्ती निराळीच आहे. फुजियानच्या बोलीत जेवणे या अर्थाचा जो शब्दप्रयोग आहे, त्याचा उच्चार याच्या जवळचा आहे, आणि तेथील लोक एकमेकांस भेटताच कुशल विचारतात ते 'जेवलास का?' असेच. विद्यार्थी दारात आला की मालक हे विचारी, आणि ऐकणाऱ्या जपानी शेजाऱ्यांनी तेच त्या पदार्थाचे नाव समजून घेतले, अशी ही कथा. भाषापंडितांना ती मान्य होईल न होईल. आपल्या कोकणात दुपारच्या वेळी दारात आलेल्या माणसाला प्रथम 'जेवलास?' असेच विचारतात, त्यामुळे आपल्याला ती पटण्यास अडचण पडू नये.

इतिहासलेखकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चाम्पोनच्या जन्माची ही हकीकत मुख्यतः त्या घराण्याच्या परंपरेतून आली आहे. एखादा लोकप्रिय पदार्थ एकाच माणसाने एकाच दिवशी निर्माण केला, असे सहसा घडत नाही. त्या वस्तीत दुसऱ्या चुलींवरही असले काही शिजत असणे संभवनीय आहे. पण भोजनगृहाचा काळ, विद्यार्थ्यांचा ओघ आणि पदार्थातील जिन्नस यांचा मेळ इतका नीट बसतो की, परंपरेचा गाभा स्वीकारण्यास हरकत दिसत नाही.

पुढे हा पदार्थ विद्यार्थ्यांपुरता राहिला नाही. बंदरातील मजूर, दुकानदार, घरंदाज जपानी कुटुंबे, सर्वांनी तो आपलासा केला. रस्सादार वाडगा घरी पोचविताना सांडतो, म्हणून रस्सा आटवून ताटात वाढावयाचा 'सारा उदोन' हा त्याचा भाऊ जन्मास आला. नागासाकीत घरी चार पाहुणे आले की मोठे ताट भरून तो मागविण्याची रीत आजही आहे. १९२३ मध्ये नागासाकी व शांघाय यांच्यामध्ये जलद आगबोटी सुरू झाल्या. हा प्रवास सुमारे सव्वीस तासांत होऊ लागला आणि बंदराची भरभराट झाली. १९३७ मध्ये चीन-जपान युद्ध पेटले आणि जी माणसे दोन्ही देशांची होती त्यांना दोन्हीकडे परके होण्याची पाळी आली. चेन पिंगशुन १९३९ मध्ये, त्या युद्धकाळातच, वारला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी शहराच्या उत्तरेकडील उराकामी भागावर अणुबाँब फुटला. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे सत्तर हजार माणसे मृत्यू पावली. फुजियान सभागृहाची मुख्य इमारत कोसळली. दरवाजा आणि सागरदेवतेचे मंदिर मात्र बचावले. ते आजही तेथे आहे. सोफुकुजीची कढईही आहे. शहर पुन्हा उभे राहिले आणि त्याबरोबर चाम्पोनच्या कढयाही पुन्हा चुलीवर चढल्या. शिकाइरो हे भोजनगृह चेनच्या वंशजांनी चालू ठेवले असून त्याच्या नव्या इमारतीत या पदार्थाचे एक लहानसे संग्रहालयही आहे.

यानंतरचा इतिहास आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचतो. युद्धोत्तर टंचाईच्या काळात रस्त्यावर एका वाडग्यासाठी रांगा लावणारी माणसे मोमोफुकु आन्दो यांनी पाहिली होती. त्यांनी १९५८ मध्ये तळून वाळविलेल्या झटपट नूडल्स बाजारात आणल्या आणि १९७१ मध्ये पेल्यातल्या नूडल्स. आन्दो यांचा जन्म तैवानचा, म्हणजे तेही मूळचे परस्थच. १९७४ पासून चाम्पोनच्या साखळी-भोजनगृहांमुळे हा पदार्थ साऱ्या जपानभर झाला. कोरियात 'च्याम्पोंग' या नावाने मिरचीचा लाल जाळ घेतलेला त्याचा एक नातेवाईक नांदतो. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात पाकिटातील नूडल्स आल्या आणि मुलांच्या हाती पडल्या. आज जो वाडगा पाहून आपण नाक मुरडतो, त्याची कुळकथा ही अशी आहे.

आपल्याकडेही याच्या तोडीचे उदाहरण नाही असे नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले गिरणीकामगार गाळ्यांत दाटीवाटीने राहत. पाळी संपवून वेळी-अवेळी परतणाऱ्या या माणसांना जेऊ घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जो उद्योग केला, त्याची नोंद फारशा ग्रंथांत सापडत नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या बायकांना संघटित केले, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टांकडे लोकांचे लक्ष गेले. पाळी रात्री सुटो वा पहाटे, डबा झाकून ठेवलेला असे. चेन जे नागासाकीत करीत होता, तेच या बायका लालबाग-परळात करीत होत्या.

भगिनीवर्गाने इतका वेळ इतिहास ऐकून घेतल्यावर त्यांच्या हाती काही पडले पाहिजे. म्हणून आमच्या घरी रुळलेली रीत सांगतो. डुकराचे मांस व चरबी यांना फाटा देऊनही ती उत्तम होते. रविवारी कोलंबी साफ करताना डोकी व कवचे टाकू नयेत. ती स्वच्छ धुऊन थोड्या तेलावर लाल परतावी. त्यांत कांद्याचे तुकडे, आल्याचा तुकडा व पाणी घालून अर्धा तास मंद आचेवर उकळावे आणि गाळून घ्यावे. हा रस्सा फ्रिजमध्ये दोन दिवस आणि बर्फाच्या कप्प्यात कित्येक आठवडे टिकतो. कामाच्या दिवशी चार माणसांसाठी पाव किलो सोललेली कोलंबी, तेवढेच माकूळ चकत्या करून, मिळाल्यास वाटीभर धुतलेल्या तिसऱ्या, अर्धा लहान कोबी आणि दोन वाट्या मोड आलेले मूग घ्यावे. कढईत तेल चांगले तापवून लसूण टाकावी. कोलंबी व माकूळ मिनिट-दीड मिनिट परतून काढून ठेवावे. अधिक शिजल्यास माकूळ रबरासारखे होते. त्याच कढईत भाजी परतून दीड लिटर रस्सा ओतावा व उकळी आणावी. तिसऱ्या आणि सुमारे चारशे ग्रॅम नूडल्स त्यात सोडाव्या. ज्या तिसऱ्या तोंड उघडणार नाहीत त्या फेकून द्याव्या. नूडल्स शिजत आल्या की काढलेली मासळी परत घालून, मीठ-मिरी पाहून, लगेच वाढावे. रस्सा तयार असला की सारे काम पंधरा-वीस मिनिटांचे. मासळी गोठविलेली असली तरी बिघडत नाही, मात्र आधी तिचे पाणी निथळून घ्यावे.

हे सांगताना लेखकाच्या मनात तो साडेनऊला परतणारा मुलगा पुन्हा उभा राहतो. त्याच्यासाठी आठनंतर चूल पेटविणे शक्य नव्हते, हे खरे होते. पण कोपऱ्यात रश्शाचे एक पातेले झाकून ठेवता आले असते. नूडल्सच काय, मूठभर भात त्यात घालूनही त्याला खाता आला असता. त्यासाठी नियम मोडावा लागला नसता. संध्याकाळी त्याची एकदा आठवण झाली असती, तर पुरे होते. पेढीवरच्या हिशेबात ती आठवण बसत नव्हती, आणि लेखकाने हिशेबच पाहिला. त्या मुलाची पुढे कधी गाठ पडली नाही.

आपल्या ज्ञातीतील मुले आज अनेक शहरांतून व देशांतून राहत आहेत. तेथे स्थायिक झालेली आपली कुटुंबेही आहेत. आपली वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, वधूवरसूचक मंडळे ही सर्व कार्ये स्तुत्यच होत. पण नव्या गावी नुकत्याच पोचलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोणी 'जेवलास का?' असे विचारले काय, याची नोंद कोणत्याच अहवालात नसते. ज्या गावी आपले एक जरी घर आहे, त्या घराने आठवड्यातून एका रात्री एका मुलासाठी रश्शाचे पातेले झाकून ठेवावे, एवढेच सुचवावेसे वाटते. मोठ्या मेजवानीची गरज नाही. चेन पिंगशुन हा हातगाडी ओढणारा फेरीवाला होता. त्याने मुलांना दिले ते कोलंबी-कोबी घातलेले, काही मिनिटांत होणारे जेवण. आणि सव्वाशे वर्षांनंतरही त्याचे शहर ते आवडीने जेवीत आहे.